वर्तणुकीचा दाखला घेऊन त्रिएस्तेला

युरोपहून परत आलेल्या माणसाने काय सांगायचं, हे आमच्या कर्वेनगरात ठरलेलं आहे. स्वच्छ रस्ते, वेळेवर येणाऱ्या गाड्या, बर्फातले फोटो आणि शेवटी, "पण आपल्यासारखा चहा नाही हो मिळत." मी परतल्यापासून आमच्या गल्लीतल्या बायका येऊन बसताहेत आणि निराश होऊन जाताहेत, कारण माझ्याकडे यातलं फारसं काही नाही. बर्फ मी पाहिला नाही. गाडी जाताना आणि येतानाही उशिरा आली. चहा मी घरूनच नेला होता. मी गेले होते ते एका कोर्टात साक्ष द्यायला, आणि ते सांगायचं तर आधी मुर्तझाबद्दल सांगावं लागेल.

मुर्तझा आमच्या वरच्या खोलीत पाच वर्षं भाड्याने राहिला. मी पोस्टात काउंटरवर होते, आमचे हे खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत. आम्ही दोघं निवृत्त झालो, मुलगी मुग्धा आधी हिंजवडीत आणि मग नोकरीसाठीच म्युनिकला गेली, आणि वरची खोली रिकामी पडली. कॉलेजं जवळ असल्यामुळे आमच्या भागात विद्यार्थी भाडेकरू मिळतात. एजंटाने अफगाणिस्तानचा मुलगा आणला तेव्हा यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्या मुलाकडे नीट पाहिलं. ज्या माणसाने जन्मभर फॅक्टरीच्या गेटवर स्वतःचा जेवणाचा डबा उघडून दाखवला, त्याच्या घरात परदेशी भाडेकरू! पोलीस चौकी, परदेशी नागरिकांची नोंदणी, सगळीकडे हे स्वतः गेले आणि मुर्तझा फाइल घेऊन त्यांच्यामागून चालला. त्या फाइलमुळेच दोघांचं जमलं, असं माझं मत आहे.

कॉम्प्युटरचा अभ्यास करायला आलेला हा मुलगा वर्षभरात मराठी बोलायला लागला. भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकं आणि माझ्या आमटीला नावं ठेवण्याइतकं. कॅम्पातल्या एका इराणी बेकरीच्या मालकाशी तो फारसीत गप्पा मारायचा आणि येताना आमच्यासाठी बनमस्का आणायचा. मी संध्याकाळचं जेवण त्याला वर पाठवत असे, पुढे तो खालीच येऊन आमच्याबरोबर बसायला लागला.

तो हजारा, तिकडे पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसलेल्या जमातीचा. वडील गझनीजवळच्या एका गावात मुलींच्या शाळेत शिक्षक. मुर्तझा तिसऱ्या वर्षाला असताना तिकडचं सरकार पडलं. काही महिन्यांनी वडील घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. आई आणि बहीण सरहद्द ओलांडून इराणात गेल्या. इकडे त्याच्या पासपोर्टाची मुदत संपली आणि नवा देणारं कोणी उरलं नाही. पासपोर्ट नाही म्हणून व्हिसा वाढेना. आम्ही तिघं नोंदणी कार्यालयात किती खेटे घातले! तिथला कारकून सज्जन होता, चहा मागवायचा. विद्यार्थी, पर्यटक, रुग्ण, व्यापारी, असे रकाने त्याने आम्हाला दाखवले आणि म्हणाला, "ह्यातला हा कोण? तुम्हीच सांगा." परत जाता येत नाही असा माणूस, हा रकाना त्याच्यासमोरच्या कागदावर तरी नव्हता. हे सगळं दीड वर्ष चाललं आणि मग एक दिवस मुर्तझा आईकडे जातो म्हणून इराणला गेला. कोणत्या कागदावर, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर बराच काळ काही कळलं नाही. मग एका सकाळी मोबाईलवर त्याचा आवाज आला, स्वच्छ मराठीत: "काकू, मी जिवंत आहे. रागावू नका." इराणातही त्याला राहू देईनात. तिथून तो तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया असं करत, बरंचसं पायी, इटलीच्या टोकाला त्रिएस्ते नावाच्या गावी पोचला होता. तिथे आसरा मिळावा म्हणून त्याने अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. मुख्य कारण दिलं होतं ते असं, की हा माणूस भारतात पाच वर्षं काही त्रास न होता राहिला, तर त्याने तिकडेच जावं. आता अपील होतं. ते फेटाळलं गेलं की विषय संपला. त्याच्या वकीलबाईंना पुण्यात त्याची काय स्थिती होती हे सांगणारं कोणीतरी हवं होतं.

"पत्र पाठवलंत तरी चालेल," मुर्तझा म्हणाला.

मी म्हटलं, "पोस्टात जन्म घालवलेल्या बाईला पत्रावर विसंबायला सांगतोस?" मुग्धाकडे जायचा माझा व्हिसा आलेलाच होता आणि त्यावर इटलीतही जाता येतं असं ती म्हणाली. यांनी यायला साफ नकार दिला. हे वडगावच्या पुढे गेले तरी यांचं पोट बिघडतं.

आता कोर्टात मुलाच्या बाजूने जायचं म्हणजे काय न्यायचं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. वर्तणुकीचा दाखला. आपल्याकडे शाळा सोडताना, नोकरीला लागताना, भाड्याने घर घेताना दुसरं काय मागतात? मी तो दोन दिवस बसून लिहिला, टायपिंगवाल्याकडून इंग्रजीत करून घेतला आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतला. त्यात लिहिलं होतं की हा मुलगा निर्व्यसनी आहे. दिवेलागणीनंतर घराबाहेर राहत नाही. रिक्षाने धडक दिली तरी उलट शब्द बोलला नाही, कुठे तक्रार केली नाही. आजारी पडला तरी कोणाला दवाखान्याचा त्रास दिला नाही. आणि शेवटी: आमच्या घरात तो सुखरूप आणि आनंदात राहिला, आमच्या घराचं दार त्याला कायम उघडं आहे. ही शेवटची ओळ यांना फार आवडली होती. त्यांनी ती मला दोनदा वाचायला लावली.

त्रिएस्ते

म्युनिकमधले आठ दिवस मी इथे लिहीत नाही. मुग्धाला रजा नव्हती. तिने तिकीट काढून दिलं, मोबाईलमध्ये नकाशा घालून दिला आणि लहान मुलाला शाळेत सोडताना बजावतात तसं बजावून मला गाडीत बसवलं. दोन गाड्या बदलायच्या होत्या. मधल्या स्टेशनात मी चुकीच्या फलाटावर बसून राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी गाडी पलीकडून निघून गेली. पुढची मिळाली, पण तोवर मुर्तझासाठी नेलेल्या लाडवांच्या डब्याचं झाकण उघडून तूप पिशवीभर झालं होतं. दाखला मात्र प्लास्टिकमध्ये होता.

त्रिएस्ते हे समुद्रावरचं गाव, मागे लगेच डोंगर. इमारती मोठ्या, जुन्या, सरकारी थाटाच्या. गावाला आपल्या कॉफीचा अभिमान एवढा, की तिथे कॉफी मागायची वेगळी पद्धत आहे आणि ती माहीत नसलेल्याकडे वाढपी दयेने पाहतो. दुकानं दुपारी बंद. मला परक्या गावात आल्यासारखं वाटेना. फक्त वारा वेगळा. डोंगरावरून खाली येतो आणि माणसाला ढकलतो. स्टेशनातून बाहेर पडताच माझा पदर डोक्यावरून पलीकडे गेला आणि तो सावरेपर्यंत समोर मुर्तझा उभा होता.

तो वाळला होता. दाढी आली होती. भर चौकात वाकून त्याने मला नमस्कार केला. पुण्यात शिकलेली ती सवय त्याने एवढ्या वाटेवर कशी जपली देव जाणे. मी त्याला एवढंच म्हटलं, "हे बूट कोणाचे घातलेस? मोठे आहेत."

"दिलेत कोणीतरी," तो म्हणाला. "चांगले आहेत, काकू."

स्टेशनसमोरच्या त्या चौकात झाडं आहेत, बाकं आहेत. संध्याकाळी तिथे डोंगर उतरून आलेली मुलं बसलेली असतात. कोणी अफगाणी, कोणी पाकिस्तानी, कोणी नेपाळचीही. गावातली काही वयस्क माणसं औषधाच्या पिशव्या घेऊन येतात. मी पाहिलं तेव्हा एक गृहस्थ, पूर्वी बस चालवायचे असं मुर्तझा म्हणाला, जमिनीवर गुडघे टेकून एका मुलाच्या पायाच्या जखमा धूत होते. सत्तरीचा माणूस विशीतल्या पोराचे पाय मांडीवर घेऊन बसलाय. आपल्याकडे पाय धरतात ते धाकट्यांनी मोठ्यांचे. तो मुलगाही आपल्याच पद्धतीचा असावा, तो संकोचाने पाय मागे घेत होता आणि ते गृहस्थ पुन्हा पुढे ओढत होते. मी तिथे उगाचच बराच वेळ उभी राहिले.

रात्री नाही, संध्याकाळीच आम्ही जेवलो, कारण मला सात वाजता भूक लागते आणि ते तिथल्या लोकांना विचित्र वाटतं. गावाची खासियत म्हणजे वालासारख्या दाण्यांचं आणि आंबवलेल्या कोबीचं दाट सार. त्यात डुकराचं मांस घालतात. मी शाकाहारी म्हणून आणि तो मुसलमान म्हणून, दोघांनी एकदमच मान हलवली. वाढप्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि कुठून तरी मांस नसलेलं आणून दिलं. मी त्यात पुण्याहून नेलेला गोडा मसाला टाकला. मुर्तझाने तीन वाट्या खाल्ल्या.

डोंगर

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंची वेळ दुपारची होती. सकाळी मी म्हटलं, तू कुठून आलास ते मला दाखव. तो नको म्हणत होता. मी ऐकत नाही हे त्याला माहीत आहे.

गावातून बस वर जाते. पुढे चुनखडीचा पांढरा दगड, खुरटी झाडं आणि त्यातून पायवाट. पलीकडे दुसरा देश, मध्ये कुंपण नाही, रखवालदार नाही. आपल्या सिंहगडाच्या वाटेवर जास्त बंदोबस्त असतो. पण वाटेच्या कडेला झुडपांत कपडे पडले होते. जाकिटं, चिखलाने कडक झालेल्या पँटी, सोल निघालेले बूट, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या. मला वाटलं कचरा टाकतात. मुर्तझा म्हणाला की इथून गाव दिसायला लागतं, म्हणून सगळे इथे थांबतात. जपून ठेवलेला एक स्वच्छ शर्ट अंगात घालतात, केस विंचरतात आणि मगच खाली उतरतात. गावात शिरताना आपण भिकाऱ्यासारखे दिसू नये.

त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं. स्वारगेटला एसटीतून उतरलेली माणसं मुलाखतीला जाण्याआधी शर्ट बदलताना मी पाहिली आहेत. मला तेच आठवलं आणि फार वाईट वाटलं.

एका मोठ्या दगडावर बसून त्याने वाटेतलं थोडंसं सांगितलं. कोणत्या देशाच्या हद्दीवर ते इथे लिहीत नाही, त्याची केस चालू असताना त्याने मला तसं बजावलं होतं. जंगलात हद्दीवरच्या पोलिसांनी त्याला आणि बरोबरच्या मुलांना पकडलं. बूट काढून घेतले, मोबाईल दगडावर ठेवून फोडले, आणि अनवाणी नदीपर्यंत चालवत नेऊन पलीकडे जा म्हणाले. नदीत पाणी कंबरेच्या वर. हे त्याच्या बाबतीत एकदा नाही, पुन्हापुन्हा झालं.

"तू का आलायस ते सांगितलं नाहीस त्यांना?" मी विचारलं.

"विचारलं नाही ना काकू कोणी," तो म्हणाला. "पूर्ण वाटेत कोणी विचारलंच नाही."

खाली उतरताना तो पुढे होता. सैल बुटांमुळे त्याची चाल बदललीय हे मला तेव्हा दिसलं.

वकीलबाईंचं ऑफिस

वकीलबाईंचं नाव एलेना. चाळिशीच्या आतबाहेर, केस कसेतरी बांधलेले, टेबलावर फायलींचा ढीग, खुर्चीवरही फायली. मला त्या आवडल्या. त्यांनी कायदा मला दोन वाक्यांत सांगितला. कोणाही माणसाला हद्दीवरून परत ढकलण्याआधी तू का आलास असं विचारायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं, हा त्याचा हक्क आहे. आणि जिथे त्याच्या जिवाला धोका आहे, किंवा जिथून त्याला पुढे त्या धोक्यात ढकलतील, अशा ठिकाणी त्याला पाठवायचं नाही. बाकी सगळे कागद ह्या दोन गोष्टींसाठी आहेत, त्या म्हणाल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या. माझं इंग्रजी मनिऑर्डरपुरतं असल्यामुळे मुर्तझा मध्ये बसून मराठीत सांगत होता.

मी पिशवीतून दाखला काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर ठेवला. शिक्का दिसेल असा.

त्यांनी वाचला. मग पुन्हा वाचला. मग चष्मा वर करून डोळे चोळले. मला वाटलं, बाई भारावल्या.

त्यांनी काय सांगितलं ते मुर्तझाने खाली बघत मला सांगितलं. हा कागद कोर्टात देता येणार नाही. अर्ज फेटाळताना जे म्हटलं होतं, तेच यात सही-शिक्क्यानिशी लिहिलंय. पुण्यात सुखरूप होता, आनंदात होता, दार उघडं आहे. मग पाठवा त्याला तिकडे.

मी खुर्चीतच सरळ झाले. आठ दिवस तो कागद मी जिवापाड सांभाळला होता. मी म्हटलं, म्हणजे मी काय परक्या देशात येऊन सांगू, की पुण्यात या मुलाचे हाल झाले? आमच्या घरात? मी त्याला वाढलेली प्रत्येक पोळी गरम होती. पुण्याला नावं ठेवायची असतील तर आम्ही घरात बसून ठेवतो, दुसऱ्यांच्या कोर्टात नाही. हे सगळं मुर्तझाने भाषांतर करून सांगितलं का, मला शंका आहे. तो फारच थोडक्यात बोलला.

एलेनाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दाखल्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, दिवेलागणीनंतर तो बाहेर पडत नसे, हे पहिल्यापासून का?

मी आठवू लागले. पहिल्यापासून नाही. पहिली वर्षं तर हा दहाला यायचा. क्रिकेट, लायब्ररी, मित्र. फाटकाच्या कडीवरून मी त्याला किती बोलले होते. मग शेवटचं वर्ष-दीड वर्ष तो दिवस मावळायच्या आत घरात असायचा. मी म्हटलं, "मग शहाणा झाला. वळण लागलं."

मुर्तझाने याचं भाषांतर केलंच नाही. तो टेबलाच्या कडेकडे पाहत होता. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "काकू, संध्याकाळी नाक्यावर पोलीस थांबवतात ना. कागद बघतात. माझ्याकडे काय होतं दाखवायला?"

मी विचारलं, "आणि रिक्षा?"

"तक्रार द्यायला चौकीत जावं लागतं."

दवाखान्याचं मी विचारलं नाही. त्या तापाचे दिवस मला आठवत होते. दवाखान्यात पहिल्या खिडकीवर काय मागतात तेही माहीत होतं. मी वर काढा पाठवत होते आणि शेजारी सांगत होते, पोरगा किती सोशीक आहे बघा.

एलेनाबाईंना त्याने नंतर ते सांगितलं असावं, कारण त्यांनी लिहायला घेतलं. मला तिथे रडू आलं नाही. राग आला. कोणाचा ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या कारकुनाचा नाही, त्याने तर चहा पाजला होता. पोलिसांचाही नाही, ते नाक्यावर सगळ्यांनाच थांबवतात. कोणीही त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. आणि तरी माझ्या डोक्यावरच्या खोलीत एक चोवीस वर्षांचा मुलगा दीड वर्ष अंधार पडायच्या आत घरात येऊन बसत होता आणि आम्ही खाली त्याचं कौतुक करत होतो.

मी बाहेर येऊन यांना फोन केला. सगळं सांगितलं. हे म्हणाले, "शपथेवर आहेस. असेल ते सांग."

"पुण्याबद्दल सांगावं लागेल."

"मग पुण्याबद्दल सांग," हे म्हणाले आणि औषधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

दाखला कोर्टात द्या, असं मी परत आत जाऊन एलेनाबाईंना सांगितलं. त्यातली प्रत्येक ओळ मी स्वतः समजावून सांगेन. त्यांनी थोडा विचार केला आणि तो फायलीत लावला.

कोर्ट

कोर्ट म्हटल्यावर मला शिवाजीनगर अपेक्षित होतं. काळे कोट, आरडाओरडा, स्टॅम्पपेपर विकणारे. इथे एक शांत खोली, लांब टेबल आणि मुग्धापेक्षा थोड्या मोठ्या वयाच्या न्यायाधीशबाई. मराठीचा दुभाष्या मिळाला नव्हता. हिंदीचे एक पंजाबी गृहस्थ होते, त्या भागात गाईंच्या गोठ्यांवर कामाला येऊन स्थायिक झालेले. माझी हिंदी पुणेरी, त्यांची पंजाबी. न्यायाधीशबाईंपर्यंत काय पोचतंय याची मला धास्ती होती.

आधी त्यांनी मुर्तझालाच विचारलं, तू का आलास. तो बोलायला लागला आणि त्या ऐकत राहिल्या. मध्ये तोडलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. मला आदल्या दिवशीचा डोंगर आठवला.

मग माझी पाळी. मी दाखल्यातल्या ओळी एकेक करून सांगितल्या. तो अंधार पडल्यावर बाहेर नसे. का, तर त्याच्याजवळ दाखवायला कागद नव्हता. त्याने तक्रार केली नाही. का, तर तक्रार करणाऱ्याला आधी स्वतः कोण ते सांगावं लागतं. दवाखान्यात गेला नाही, त्याचंही तेच. आम्ही कार्यालयात गेलो होतो, माणसं चांगली वागली, पण त्याच्यासाठी रकानाच नव्हता. त्याला तिकडे परत पाठवलं तर उद्या कोणी त्याला पकडून अफगाणिस्तानच्या विमानात बसवणार नाही, असं मला सांगता येणार नाही. वाक्यं तीच होती, शिक्काही तोच. फक्त प्रत्येक वाक्यामागे कारण आलं होतं.

न्यायाधीशबाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दुभाष्यांनी मला विचारलं, इथे लिहिलंय की तुमच्या घराचं दार त्याला कायम उघडं आहे. हे आजही खरं आहे का?

एलेनाबाईंचं पेन थांबलेलं मला दिसलं. हो म्हणावं तर, झालं, पाठवा त्याला काकूंकडे. नाही म्हणावं तर ते शपथेवर खोटं, आणि तेही मुर्तझासमोर. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "खरं आहे. आत यायला दार उघडं आहे. पण एकदा आत आला की त्याला बाहेर पडता येणार नाही. आधीही पडता येत नव्हतं. मला ते त्याचं चांगलं वळण वाटलं."

पंजाबी गृहस्थांनी ते सावकाश इटालियनमध्ये सांगितलं. न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मुर्तझा म्हणाला, "काकू, चहा घेऊ या." कप त्यानेच आणून माझ्या हातात दिला. निकाल लगेच लागत नाही, काही महिने जातात, असं एलेनाबाई म्हणाल्या. उरलेले लाडू मी त्यांच्या टेबलावर ठेवले. सगळ्या फायलींना तूप लागलं असेल.

परतीची गाडी

परतताना हद्दीवरच्या एका स्टेशनात पोलीस डब्यात चढले. डबा भरलेला होता. ते माणसांच्या रांगा ओलांडत पुढे आले आणि एका सावळ्या मुलाजवळ थांबले, मग माझ्याजवळ. मधल्या कोणाला त्यांनी काही विचारलं नाही. अगदी नम्रपणे पासपोर्ट मागितला. माझा पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट, विमा, सगळं जागच्या जागी होतं आणि तरी पर्सची चेन मला उघडेना. माझ्याजवळ सगळे कागद होते. त्यांनी पासपोर्ट परत दिला, शुभ प्रवास म्हणाले. त्या मुलाला मात्र खाली उतरवलं. गाडी सुटली तेव्हा तो फलाटावर पाठीवरची पिशवी उघडून दाखवत होता.

समोरच्या बाईंनी मला बिस्किट देऊ केलं. मी घेतलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं.

कर्वेनगर

त्यानंतर आमचं रोजचं सुरू झालं. वरच्या खोलीत आता लातूरची दोन मुलं राहतात. रात्री अकराला फाटक वाजवतात. मी त्यांना बोलत नाही, ह्याचं त्यांना आश्चर्य वाटत असावं, कारण आमच्या घराची ख्याती त्यांनी आधीच ऐकलेली होती.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मुर्तझाचा फोन आला. निकाल लागला, परवाना मिळाला. राहता येईल, काम करता येईल, आणि आता आईला आणि बहिणीला बोलवायचा अर्ज करता येईल. त्याच्या मागे मोठा वारा वाहत होता, अर्धे शब्द ऐकू येत नव्हते. मी विचारलं, कुठून बोलतोस? समुद्रावरून, म्हणाला. तिथे पाण्यात लांबवर गेलेला एक धक्का आहे, गावातली माणसं संध्याकाळी त्यावरून टोकापर्यंत जातात आणि परत येतात. मी तो पाहिला होता. थंडीत तिकडे पाचलाच अंधार पडतो.

"एवढ्या काळोखात तिकडे काय काम काढलंस?" मी विचारलं. सवय जात नाही.

"काम काही नाही, काकू," तो म्हणाला. "उगाच फिरतोय."

यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि काय म्हणतोय म्हणून विचारलं. मी सांगितलं, काळोख पडलाय आणि बाहेर फिरतोय. हे चष्मा काढून तो पुसत बसले.